दुसरा हात

काळा कपडा पहिला हात पिऊन टाकतो.
वडगावात कुणालाही विचारा.
विचाराल कुणाला म्हणा, आमच्या बोळात आता
मी आणि मल्लव्वा, दोघीच.
माग मोडला, त्याच्या फळ्यांचं लांब मेज केलं,
त्यावर दहा शर्ट मावतात, गोंदावर चिकटवून,
पाठ वर करून निजल्यासारखे.

पांढऱ्याचा डबा उघडला की चमचा उभा राहतो त्यात.
आधी मळायचा, भाकरीच्या पिठासारखा,
मग जाळीवर घ्यायचा,
एकदा भरायचा, एकदा ओढायचा,
जाळी सुटताना चर्र करते
आणि खाली दिसतं काय?
पाणी घातलेलं दूध.

नवखा इथंच चुकतो. दोन्ही कोपरांनी दाबतो.
रंग कडेनं फुटतो, अक्षराला मिशा येतात.
मल्लव्वा आधी कांड्या भरायची,
तिला धाग्याची तहान कळते.
"निधान री," म्हणते, "अरिवी कुडीतैती."
हळू. कापड पितंय.
पिऊ द्यावं.
मग हीटगनचा वारा, शर्टामागून शर्ट,
बोटाला लागू नये इतकाच सुकवायचा.
पुरता भाजला तर वरचा हात धरत नाही,
नखानं सोलून येतो, उन्हातल्या कातडीसारखा.

लुगड्यात रंग धाग्याच्या पोटात असायचा,
उलटं करा, सुलटं करा, तोच.
हा नुसता वर बसतो.
कापडाचं आणि याचं नातं
दीडशे-साठ अंशांचं, दीड मिनिटाचं.
बाबा असते तर हसले असते.
किंवा नसतेही. बिलं त्यांनाही भरायची होती.

ऑक्टोबरच्या शेवटी दोन गिऱ्हाइकं आली.
येळ्ळूरचा ओमाणी: तीस शर्ट, काळे, वर पांढरी अक्षरं,
एक तारखेच्या आत.
खासबागचा शिवबसू: तीस शर्ट, काळेच,
वर गोल, अर्धा हळदीचा, अर्धा कुंकवाचा,
एक तारखेच्या आत.
दोघांनीही विचारलं, बाकीचं कुणाचं काम घेतलंय?
दोघांनाही सांगितलं, लग्नाच्या पिशव्या.

हळद थेट काळ्यावर टाकली तर शेवाळ होतं.
कुंकू टाकलं तर वीट.
म्हणून शिवबसूच्या गोलाखाली आधी पांढरा गोल,
दहा शर्ट, दहा गोल.
नऊ सुकवले. दहाव्यावर करंट गेला.

आणि दारात ओमाणी, मोबाइलचा उजेड धरून.
"माझी अक्षरं कुठायत की हो?"
मेजावर नुसते पांढरे चंद्र, ओळीनं.
"हे काय लिहिलाय? काय लिहिलंच नाही की."
मी गप्प. मल्लव्वा तिच्या मोडक्या मराठीत म्हणाली,
"खाली पांढराच लागतंय बा. सगळ्याला."
"सगळ्याला म्हणजे कुणाला?"
तिनं पदरानं घाम पुसला.

त्यानं वाकून अंगठा टेकवला.
वाळलाय का बघायला. दुसरं काही नसेल मनात.
दहाव्याच शर्टावर.
हा रंग वाऱ्यानं वाळत नाही,
आठवडाभर ठेवा, ओलाच.
अंगठा निघाला, पांढऱ्यात रेषा राहिल्या
भोवऱ्यासारख्या, बारीक, स्पष्ट.
त्यानं पँटला पुसला. "उद्या येतो," म्हणाला,
"आणि दोन हातांचे पैसे कशाला लावलाय?"

करंट साडेआठला आला.
वरून अजून एक पांढरा ओढला असता तर
बुजला असता सहज.
मल्लव्वानं हीटगन उचलली, माझ्याकडे बघितलं,
मी काही बोलले नाही,
तिनं सुकवला तसाच.
मग हळद. मग कुंकू.

तीस शर्टांची घडी घालताना
एक मी दिव्याखाली तिरका धरला.
सरळ बघितलं तर काही नाही.
तिरकं धरलं की पिवळ्यात
एक भोवरा उठतो.

शिवबसूनं मोजले, बरोबर तीस.
रंग बघून म्हणाला, "छलो बंदैती री."
सुट्टे नव्हते त्याच्याकडे.