अंधारात काढलेली टिपणं

बसा इथेच पायऱ्यांवर, आतले दिवे वॉचमन आता घालवणारच.
मेकअप राहू द्या, निम्मा घामानं उतरलाय.
निकाल रविवारी. तो माझ्याकडून काढून घेऊ नका.
पण भांडुपच्या पाण्याच्या प्लांटवर पाळ्या बदलून,
टेम्पोत दार घालून परळपर्यंत आलात,
तर ‘छान झालं’ एवढ्यावर बोळवण करायला
माझी जीभ रेटत नाही.

वही बघा. अंधारात लिहिलंय, ओळ ओळीवर चढलीय.
पण ‘दार’ हा शब्द तीनदा वाचता येतो.
मयेकर, नाटक तुम्हीच बसवलंत ना?
मुलगा येतो तेव्हा दार आत उघडतं,
पोलीस येतो तेव्हा बाहेर.
हसू नका. माझ्या शेजारची बाई
तेवढ्यात तुमच्या घरातून उठून गेली,
ती परत आली थेट ललिताबाई किंचाळल्या तेव्हा.

ललिताबाई, किंचाळी खरी होती. दुसरी नको होती.
आणि कपात चहा नव्हता.
नसू दे, कुणाच्याच नसतो,
पण तुम्ही तो टाचणी उचलावी तसा उचललात.
फोन वाजला, वळलात, कप पुरता आडवा,
आणि थेंब सांडला नाही.
मी तुमच्या दुःखाला मान डोलवायच्या बेतात होतो हो,
कपानं चुगली केली.

दिवे कुणाचे? तुझे, अल्वारिस?
दोन सेकंद उशीर. तिन्ही वेळा दोनच,
म्हणजे हात चांगलाय तुझा.
तू वाक्य संपायची वाट बघतोस.
नको बघूस. तिनं शेवटचा श्वास घेतला की बोट हलव.

तो मागे कोण? हवालदार. भोईर, पुढे ये.
दोन वाक्यं तुला, त्यातलं एक गाळलंस,
संहिता माझ्या मांडीवर होती.
पण आई बोलत होती तेव्हा टोपी काढलीस
आणि आतला घामाचा पट्टा
अंगठ्यानं पुसत राहिलास.
हे कुणी बसवलं? कुणीच नाही?
मग मी बोललोच नाही असं समज.
उद्या मुद्दाम करशील आणि मरेल ते.

हे पान कोरं आहे, बघा.
सात पन्नास ते सात चोपन्न.
पेन चालू होतं.

माझं म्हणाल तर मी एकदाच उभा राहिलो,
गोदीच्या संघातून, याच रंगमंचावर, तेव्हा फळ्या करकरायच्या.
परीक्षक खाली भेटले, खांद्यावर थोपटून म्हणाले,
‘उत्साह आहे.’
आणि टॅक्सीत बसले.
किती वर्षं मी त्या दोन शब्दांना पुढून मागून उघडून बघितलं.
शिवी दिली असती तर दुरुस्त तरी करता आली असती.
तेव्हापासून मी टॅक्सी थांबवत नाही लगेच.

मी चुकतही असेन. शेवट लांबला असं मला वाटलं,
कदाचित मला भूक लागली होती.
दाराबद्दल मात्र चुकत नाही.

चहा आला. घ्या.
ललिताबाई, ग्लास खाली ठेवू नका, संपला तरी.
धरा तसाच. आता कुणीतरी हाक मारलीय, वळा.
बघितलंत? मनगट अजून सांभाळतंय,
त्याला अजून कळलेलं नाही चहा संपल्याचं.
हं. तेच.
नाही, मला दाखवू नका पुन्हा, घरी जाऊन बघा.

मयेकर, टेम्पोवाला हॉर्न देतोय,
आणि त्यानं दार उलटं चढवलंय.
बिजागऱ्या वर घ्या, वाकतील.
पुढचा प्रयोग कधी म्हणालात?