तीन मिलिमीटरची वळी

बेचो पठारावर या मातीला कोतिचा म्हणतात.
काळी, आणि अंमळ जास्तच मानी.
पावसाळ्यात ढोसलेलं पाणी सोडते तेव्हा
अशी फाटते
की परवा तोलेराच्या गाढवाचा पाय
गुडघ्यापर्यंत आत गेला
आणि बाजाराचा दिवस तिथेच मोडला.

माझं काम तिची वळी वळणं.
काचेवर, तळहाताखाली, मागे-पुढे,
तीन मिलिमीटर जाडीला तुटेपर्यंत.
तुटली की तिच्यातलं पाणी मोजून लिहायचं.
कोतिचा लवकर तुटत नाही.
शेवयांसारखी बारीक होत जाते,
गुळगुळीत, निगरगट्ट,
आणि नखांत मुक्काम ठोकते.

साच्यात ठोकून चार दिवस पाण्यात बुडवली
तर तबकडीचा काटा चढतो.
रात्री पत्र्याच्या खोलीत मी एकटी,
आणि तो चढतोच आहे,
कुणी खालून झाकण ढकलत असल्यासारखा.
हिच्यावर डांबर म्हणजे
उठू पाहणाऱ्या बैलावर सतरंजी.

म्हणून चुना.
शंभराला दोन, चार, सहा, आठ.
चार बाटल्या, तासभर हलवायच्या.
दंड भरून येतात, कॉफी गार होते.
सहाच्या बाटलीत सामू बारा पूर्णांक चारवर आला,
आठच्यातही तेवढाच.
सहा.
मी खाली दोन रेघा ओढल्या.

आदे गादिसे वळणावर बसते,
इंजेरा भाजायचे मातीचे तवे विकत.
चुना कालवून दोन रात्री मुरवलेल्या पट्ट्यावर
ती अनवाणी आली, मी ओरडले तरी आली,
मूठभर उचलून वळायला गेली
आणि बोटांतून रवा सांडला.
'मारलीत हिला.'
'थोडी,' मी म्हटलं.
'माती आम्हीही मारतो. पण आधी आकार देतो.'
मग भिंतीला लावायला एक पोतं मागितलं.
मी रिकामं दिलं.
तिने ते माझ्यासमोरच
परातीत झटकून घेतलं.

सोळाव्या किलोमीटरला खड्डा खणला.
कडेवर बाटलीतून फवारा मारला:
चुना असेल तिथे रंग येतो.
वर वीतभर गुलाबी,
लग्नातल्या सरबतासारखा, लाजिरवाणा गुलाबी.
त्याखाली काळं.
पुन्हा फवारा.
काळं.

इंजिनिअर वोंदिमू घड्याळ बघत होता.
डांबर उद्या सकाळी.
'सहा लिही, बिफ्तू. वरून कुणाला दिसतंय?'
चुना न घालता चुना लावायची ही रीत;
तिला प्रयोगशाळा लागत नाही,
नुसतं पेन लागतं,
आणि पेन त्याने पुढे केलंच होतं.

मी खड्ड्याच्या तळातून चिमूटभर माती काढली
आणि त्याच्या पांढऱ्या गाडीच्या बॉनेटवर
वळायला लागले.
मागे-पुढे.
पत्रा तापलेला, हात भाजत होता.
तीन मिलिमीटर.
अडीच.
रोलरवाला पोरगा खाली उतरून बघायला आला,
त्याच्या मागे पाणीवाल्या दोघी.
दोन.
कुणी बोलत नव्हतं.
वळी बॉनेटभर लांब झाली होती,
एका टोकाला थोडी वाकडी,
कारण तिथे माझा हात थरथरला.

वोंदिमूने पेन खिशात घातलं.
गाडीत बसला, दार आपटलं,
वळीसकट निघून गेला.

नोंदवहीत मी लिहिलं:
वरच्या थरात रंग, तळाशी नाही.
सही केली. तारीख घातली.
रात्री नोकरी गेल्यासारखी झोपले.

सकाळी डांबर आलं नाही.
का, ते मला कुणी सांगितलं नाही.
ग्रेडर आला, मागे पाण्याचा टँकर,
आणि त्याच्या मागे पोत्यांचा ट्रक,
तोंडाला फडकी बांधलेली माणसं वर बसलेली.
पहिलं पोतं फुटलं, वारा नेमका पूर्वेचा,
आणि पांढरी धूळ सरळ वळणाकडे गेली.
आदे गादिसे तव्यांवर चादर ओढत
आमच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होती.