नस चढली म्हणे

काही नाही ताई, नस चढली जराशी,
म्हणतेस, आणि हसतेस
दुखायच्या आधीच.

पाचपावलीच्या मैदानावरून ऊन उतरतंय.
बाकी आठजणी ओळीत उकिडव्या,
एक इकडं तोंड करून, एक तिकडं,
आणि तू बुटाची लेस बांधायला
पाय दगडावर ठेवलास.
काल तर वाकून बांधत होतीस, मोनाली.

नस चढते तेव्हा पोटरीचा दगड होतो.
पंजा वर ओढला, मीठ-साखरेचं पाणी प्यायलं
की उतरते मुकाट्यानं.
ही ती नाही.
ही खो ऐकून उठताना आली,
मांडीच्या मागं,
एका बोटानं दाखवता येईल एवढ्याशा जागेत.
टप्प.
मला खुंटाजवळ ऐकू नाही आलं,
पण तू मागं वळून पाहिलंस
कोणी खडा मारला म्हणून.
मीही पाहिलं होतं तसंच,
अकोल्याला, शहाण्णव साली.
मागं कोणीच नव्हतं.

माझा बाप गोळीबार चौकात मागावर बसायचा.
धागा तुटायच्या आधी आवाज बदलते, म्हणायचा,
एक खटका हलका पडते.
तिथंच हात थांबवायचा,
थुंकी लावून गाठ मारायचा,
लुगडं नेसणारीला पत्ताही नाही.

त्याच्या उजव्या खांद्याचं मात्र
घरात कोणालाच ऐकू आलं नाही.
चहाचा कप डाव्या हातात गेला.
खुंटीवरची टोपी तो आईला मागू लागला.
आई म्हणे, म्हातारा झाला व तुझा बाप.
तेव्हा तो एक्केचाळीसचा होता.

बरं, पालथी झोप.
टाच उचल, मी धरते. जोर लाव.
हं. सोड.
आज इथं काही दिसणार नाही,
परवा निळं-जांभळं येईल,
तेही दुखलं तिथं नाही,
खाली, गुडघ्याच्या मागं घरंगळलेलं.
आईला सांग, तेल चोळू नको, शेकू नको.
आणि खरं सांग,
सकाळी जिना चढताना
कोणता पाय आधी टाकला होतास?

रविवारी निवड आहे, माहीत आहे मला.
यादीत तुझं नाव तिसरं आहे,
मीच लिहिलंय, शाईनं.

काऊन रडते?
दुखते म्हणून नाही, म्हणतेस.
मी रुमाल घेऊन फाटकाशी जाते.
गोळेवाला बर्फ किसायला घेतो,
विचारतो, कोणता रंग टाकू, मॅडम?

किसू नको, म्हणते. तुकडाच दे.
रंग नको.