काचपट्टी

भेगेच्या दोन्ही काठांना सिमेंटने चिकटवलेली
वीतभर काच.
रोज सकाळी सातव्या बेंचवर चढून
मी बघते, अजून अखंड आहे ना.

बाकीचं यंत्रं करतात.
समोरच्या कड्यावर अठरा आरसे,
दर तासाला एक किरण जातो, आपटून परत येतो,
मिलिमीटरचे दशांश सांगतो.
नळीतलं पाणी सांगतं, डोंगराच्या पोटात किती चढलंय.
जमिनीत पुरलेले जिओफोन
आतला दगड कुठे कुरकुरला ते टिपून ठेवतात.
केबिनमधल्या पडद्यावर सगळ्याच्या रेषा होतात.

तरी काच हवीच, हे मी हट्टाने लिहून दिलं.
कारण बाबा.

पुनो वेळीप, रिवणच्या मँगनीजच्या बोगद्यातले.
कंदील, पहार आणि कान.
पहारीने छताला ठोकायचं.
टण्ण वाजलं तर पुढे जा.
बद्द वाजलं तर पळ,
जेवणाच्या डब्यासाठीसुद्धा मागे वळू नको.

मालक लोखंडी खांब आणणार होता.
माणसं नको म्हणाली.
लोखंड मुकाट्याने वाकतं,
माटीचं लाकूड मरायच्या आधी बोलतं.

एकदा ते बोललं तेव्हा कायतान शीळ घालत होता.
बाबा इथवरच सांगायचे.
नोव्हेंबरच्या दोन तारखेला मात्र
एक मेणबत्ती घेऊन त्याच्या घरी जायचे
आणि सोप्यावरूनच परत यायचे.

मी शिकले ते निराळं.
डोंगर सरकतो तो वेग घ्यायचा,
एकाला त्याने भागायचं,
उत्तर दिवसांवर मांडायचं.
रेष उतरत जाते.
शून्याला टेकेल तो दिवस.
रेष सरळच जाईल असं धरून चालायचं, सर म्हणायचे.
डोंगर काही आमच्या वर्गात नव्हता.

चवथीचे गणपती बोळवले त्याच आठवड्यात
रेष म्हणाली, गुरुवार, दुपारी.
मी भोंगा वाजवला.
चौतीस माणसं, अकरा ट्रक, दोन एक्स्कॅव्हेटर वर.
गुरुवार गेला.
शुक्रवारी डोंगर थांबला. खरोखर थांबला,
रेष आडवी, झोपलेल्या माणसासारखी.
मॅनेजर शिरवईकर ओरडले नाहीत.
माझ्यासमोरच्या कॅलेंडरवर, त्या चौकोनात,
दिवसाचा तोटा पेन्सिलीने लिहून गेले.
ड्रायव्हर विचारू लागले,
काय बाय, आज मुहूर्त कितीचा?

शनिवार, रविवार, सोमवार.
पडद्यावर सगळं हिरवं.

आज मंगळवार. काच तुटलेली नाही.
बोट फिरवलं, गुळगुळीत.
मान कलती केली तेव्हा उन्हात दिसली,
मधोमध, केसाएवढी रेघ.

दुसऱ्यांदा भोंगा वाजवायला
पहिल्यापेक्षा जास्त जोर लागतो.
हात बटणावर होता आणि डोळे कॅलेंडरवर.
पडद्याला विचारलं, तो हिरवाच.
मग मी तो कान आठवला,
म्हातारपणी बहिरा झालेला,
तरी चूल पेटली की लाकडाकडे वळणारा.

वाजवला.

आता चार वाजलेत.
माणसं वर उभी आहेत, विड्या संपल्यात,
ती कड्याकडे बघत नाहीत, माझ्याकडे बघतात.
शिरवईकरांच्या खिशात पेन्सिल आहे.
कडा उभा. त्यावर एक घार आरामात बसलेली.
आणि मला कळत नाही मी काय मागतेय.
पडला नाही तर उद्या माझा भोंगा
कोण ऐकेल?
पडला तर...
मी हजेरी पुन्हा मोजते. चौतीस.
खाली बंद ट्रकांच्या सावलीत
त्यांचे डबे राहिलेत. कुणी मागे वळलं नाही.

पड रे बाबा, मी पुटपुटते,
पड एकदाचा.