वरचं दूध

पहाटे पाचला धुकं समुद्रावरून चढून कुरणात येतं,
माझेच हात मला दिसत नाहीत,
सडांची ऊब तेवढी कळते.
अकरा गायींना यंत्र चालतं. सेरेजा यंत्राला लाथ मारते,
तिची धार हातानेच.
दगडी बांधांवर हायड्रेंजिया, यंदा सगळ्या निळ्या.
सातला चीज-कारखान्याची गाडी येते, कॅन उचलते.
चौदा वर्षं परक्यांच्या न्याहारीत दूध ओतत आलेय मी,
आणि माझा तेल्मु, वीस महिन्यांचा,
गायीच्या दुधाला तोंड लावत नाही.

दवाखान्यातली लुसीलिया म्हणाली, घाई नको.
आधी चार भाग तुझं, एक भाग वरचं. मग तीन-दोन.
मी औषधासारखं मोजलं.
तिसऱ्या दिवशी त्याने ओळखलं.
हत्तीचं चित्र असलेला कप भिंतीवर,
दूध जमिनीवर, मांजर खूश.
दालचिनी घातली. गार दिलं. कोमट दिलं.
साय गाळली, कारण सायीकडे तो
वाळूत वाहून आलेल्या जेलीफिशकडे बघावं तसा बघतो.
अदेलिनु ट्यूनाच्या बोटीवर. फोनवर म्हणाला,
पिईल गं, पिईल.
समुद्रातून सगळंच सोपं दिसतं.

सासू म्हणाली, छातीला कोरफड लाव,
आम्ही सगळ्याजणींनी लावली.
मी पान कापलंसुद्धा.
त्याचा पिवळा कडू चीक बोटावर घेऊन
न्हाणीघरात आरशासमोर उभी राहिले.
बाहेर तो दार थोपटत होता, हसत होता,
दाराखालच्या फटीतून चार बोटं आत.
मी नळ सोडला. बोट धुतलं.
साबणाने, दोनदा.

एक सांगायचं राहिलं.
आमच्याकडे वासरू चौथ्या दिवशी तोडतात.
चीक त्याचा, पुढचं दूध कारखान्याचं.
गाय दोन रात्री हंबरते, मग थांबते,
आणि मी आजवर त्या दोन्ही रात्री झोपले आहे.
या वेळी खिडकी उघडी होती.
सेरेजा हंबरली
आणि माझा गाऊन ओला झाला.
तेल्मु शेजारी गाढ झोपेत, तोंड उघडं.
तो रडला नव्हता. तो हललाही नव्हता.

शुक्रवारी नणंद झुल्मीरा दाताला म्हणून गावात गेली,
म्हणून त्याला कुरणात न्यावं लागलं.
थर्मासमध्ये उकळलेलं दूध, उगीच, सवयीने.
सेरेजाच्या वासराला बादली शिकवायची होती.
त्याची एक रीत आहे:
दोन बोटं दुधात बुडवायची, वासराच्या तोंडात द्यायची,
ते चोखू लागलं की हात हळूहळू खाली,
बादलीत, दुधाखाली,
आणि मग बोटं काढून घ्यायची.
वासराला कळत नाही कधी काढली.
मला दरवर्षी कळतं.

तेल्मु उकिडवा बसून बघत होता.
मी कॅनच्या झाकणात थोडं दूध ओतलं, ठेवलं बाजूला,
एक शब्द बोलले नाही.
त्याने आपली दोन बोटं बुडवली.
चोखली.
पुन्हा बुडवली.
मग झाकणात तोंड घातलं, वासरासारखं,
नाकाला दूध, भुवईला दूध,
आणि वर बघून म्हणाला, अजून.

आता आमच्या जेवणाच्या टेबलावर
कॅनचं झाकण असतं. कपात तो अजूनही पीत नाही.
रात्री येतो, गळ्यातून हात आत घालतो,
हात तिथेच ठेवून झोपतो,
हिशेब बघून ठेवल्यासारखा. पीत नाही.
लुसीलिया म्हणते, आठवड्याभरात ओसरेल,
कोबीचं पान ठेव.
मी पान ठेवते. रात्री दगड, सकाळी थोडं कमी दगड.

पहाटे सेरेजा मान वळवून माझ्याकडे बघते.
तिच्याजवळ स्टूल सरकवते मी,
कपाळ तिच्या कुशीला टेकवते
म्हणजे नजर द्यायला नको,
आणि धार काढते.