ओहोटीच्या वेळा

एका रात्रीपुरती आले होते.
आडवाटेवरचे तलाव, भाग तिसरा, सहाशे शब्द.
दुसऱ्या दिवशी साडेसहाची एसटी आलीच नाही,
तिसऱ्या दिवशी आली तेव्हा मी अंघोळीला गेले होते.
तीन वर्षं झाली, विचारणाऱ्याला हेच सांगते.

या गावाला समुद्र नाही.
कुठल्याही दिशेने निघा,
एक रात्र आणि वर अर्धा दिवस.
तरी तलावाच्या पाळीवर ‘सागर किनारा लॉज’ आहे.
खोल्या तीन, त्यातल्या एकीत धानाची पोती.
मालक भागरथ वलथरे
विशाखापट्टणमला नौदलात
अकरा वर्षं पोळ्या लाटून आलेला.
दाराशी टांगलेल्या फळीवर तो रोज खडूने लिहितो:
भरती ६.१०, ओहोटी १२.४०.
तलाव त्याचं ऐकत नाही.
तुडुम उघडलं की पाणी उतरतं, एवढंच.
पण धुणं घेऊन निघालेल्या बाया
फळीकडे एकदा बघतातच.

पाण्याच्या टाकीवर लाल दिवा आहे, त्याला दीपगृह म्हणतात.
तो गेला त्या रात्री डोमाजीचा डोंगा
शिंगाड्याच्या वेलीत अडकून बसला.
सकाळी त्याने ग्रामपंचायतीत अर्ज दिला,
लेखी, दोन प्रतींत.

मी खिडकीत बसते
आणि दूरच्या किनाऱ्यांवर लिहिते.
‘मऊ वाळू.’ खोडते. ‘रेशमी वाळू.’ तेही खोडते.
खाली सगुणाबाई सुपात झिंगे वाळवते.
तो वास वर येतो आणि लेख पुढे सरकतो.
माझे निम्मे समुद्र तिच्या सुपातले.

एकदा तिने विचारलं, ‘तुमचं काम का जी?’
‘फिरणं.’
‘मंग फिरत काहून नाई?’
मी पेनाचं टोपण शोधत राहिले.
तिने वाटीभर झिंगे खिडकीत ठेवले
आणि वाटी परत आणा म्हणाली.

मागच्या हिवाळ्यात संपादक म्हणाले,
राहता तिथलंच लिहा की.
लिहिलं.
मथळा त्यांनी दिला: ‘विदर्भाचा किनारा’.

पंधरा दिवसांनी पांढरी गाडी आली.
अमरावतीचं कुटुंब, चार टोप्या,
हवा भरलेलं एक बदक,
वाळूचे किल्ले करायची बादली.
गृहस्थांच्या हातात माझाच लेख, घडी पडलेला.
‘समुद्र कुठाय?’
मला आयुष्यात पहिल्यांदा
एकही विशेषण सुचलं नाही.

भागरथ कणकेचे हात पुसत बाहेर आला.
फळी वाचली, घड्याळ पाहिलं.
‘ओहोटी लागली जी.
आता तं पार विशाखापट्टणमपर्यंत गेला असन.
राहा. जेवाले मरळ आहे.’

ते राहिले. का, ते मला अजून कळलेलं नाही.
मरळीमुळे असेल.

दुपारी डोमाजीने त्यांना डोंग्यातून
कमळांच्या बाजूने नेलं, मीही बसले.
धाकटीने पाण्यात बोट बुडवलं, चाटलं.
‘खारट नाहीये.’
डोमाजी बांबू रेटत होता.
‘अजून नाई,’ म्हणाला.

जाताना गृहस्थांनी रजिस्टरात शेरा लिहिला:
मासे उत्तम. समुद्र नव्हता. गाद्या पातळ.
भागरथने तो मला दोनदा वाचायला लावला
आणि दुसऱ्याच दिवशी साकोलीहून कापूस आणला.
समुद्राचं काही करता येईना,
म्हणून फळीवरच्या वेळा
दहा मिनिटांनी पुढे ढकलल्या.

आज साडेसहाची एसटी वेळेवर आली.
खिडकीतून दिसली.
पाळीवर उभी राहिली,
कुणाची तरी वाट बघावी इतका वेळ.
मग कंडक्टरने घंटी मारली.

चुलीवर माझं अंघोळीचं पाणी तापत होतं.
सगुणाबाईची वाटी
अजून माझ्याकडेच आहे.