सुकतीचा रकाना

फॉर्मवर प्रश्न होता: दुखू लागलं ती वेळ,
चोवीस तासांच्या घड्याळात.
अनुसया कालेकर हिनं पदराला हात पुसले,
बोटाच्या पेरांवर तिथी मोजली.
"तृतीया होती. तीनाची पाऊणपट सव्वादोन, ती भरती.
म्हणजे सुकती साडेआठाला.
घोवाच्या छातीत कळ आली तवा होडी गाळात बसलेली.
लिही, साडेआठ."

मी लिहिलं, २०:३०.

दुखणं कसं होतं?
चौकटी चार. दाब, जळजळ, टोचणं, आवळणं.
"खडकाला कालव धरतं ना गो,
कोयतीनं काढायला जावं तर खडकाचा टवका उडतो
पण ते सुटत नाही, तसं म्हणाला."
चौकटींच्या खाली 'इतर' असतं, त्याला एक ओळ असते.
ओळ पुरली नाही.

पाच वर्षं, दाभोळ खाडीच्या दोन्ही काठांवरच्या वाड्या,
चारशे बारा छात्या.
साखर, रक्तदाब, मिशेरी दिवसातून किती वेळा,
वडील कितव्या वर्षी गेले, कशानं गेले.
"वडील दर्यात गेले."
हा रकाना कोराच सोडावा लागतो.
दर्यात गेलेल्याचं हृदय कसं होतं
कुणी पाहिलंय.

रात्री दापोलीत, दवाखान्याच्या वरच्या खोलीत
मी ती नावं लावत बसायची.
वयानं लावली. साखरेनं लावली. धमनीतल्या गाठीच्या जागेनं लावली.
कोण वाचलं आणि कोण नाही
याचा धागा काही सापडेना.
एकदा कंटाळून शेजारी पंचांग उघडलं.

ऐन सुकतीला दुखलेले एकोणसाठ.
त्यातले सव्वीस पलीकडे पोचलेच नाहीत.
प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलेले,
चौघांच्या खांद्यांवर, मांडीभर गाळात,
जेट्टीचा दिवा समोर दिसत असताना.
क्रमांक एकशे अठ्ठ्याऐंशी, कालेकर.
भरतीला दुखलेल्यांना तर मिळाली,
धक्क्यावर गाडी, गाडीत सुई.
गाठ तीच, धमनी तीच.

संख्याशास्त्र बघणारे निरगुडकर पुण्याहून बोलले,
"डॉक्टर, हा चल कुठून आणलात?"
चल म्हणजे बदलती राशी, एवढं मला येतं.
इथे मध्यरात्री दार वाजवून
तेवढाच शब्द बोलतात,
चल,
आणि कुणीतरी उघड्या अंगानं होडीकडे पळतं.

रकाना मी ठेवला.
परीक्षकाचा शेरा आला:
निष्कर्ष स्थानिक स्वरूपाचे, इतरत्र लागू करता येणार नाहीत.
खरं आहे. तो गाळ इथलाच आहे.
जेट्टी चाळीस पावलं पुढे न्या, म्हणून बंदर खात्याला तीन पत्रं दिली.
तिन्हींना पोच मिळाली.

काल अनुसया स्वतःचं दाखवायला आली.
मिशेरी सोडली म्हणाली, दात काळे ठेवून.
"माझं काय म्हणतो तुझा हिशेब?"
दहा वर्षांत झटका येण्याची शक्यता, शंभरात पंचवीस.
"आण्यांत सांग."
रुपयात चार आणे.
तिनं पाटीवरच्या मासळीचा भाव करावा तसा
तो आकडा दोनदा उलटापालटा केला.
"बारा आणे माझ्याकडेच आहेत की मग."

मी मीठ कमी करायला सांगितलं. लोणचं, पापड, सुकट, सगळं.
मान हलवत राहिली.
उठताना विचारलं, आज दशमी ना?
माझ्याच तोंडून निघालं,
साडेसात.
"हां," ती म्हणाली, "तर लागेल."

ती गेल्यावर टेबलावर, तिच्याच कार्डिओग्रामवर,
कागदात बांधलेले चार खारे बांगडे.
जिन्यापर्यंत धावले, हाक मारली.
खालून आवाज आला,
"मीठ मला बंद केलंस. तुला नाही."